खोली नावाचे वाद्य : घरगुती स्टिरिओ, ॲम्प्लिफायर आणि ध्वनिदुरुस्तीचा इतिहास

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, तेव्हा चंद्रशेखर वेंकट रामन यांचे स्मरण प्रकाशाच्या विकिरणासाठी केले जाते. परंतु १९२८ च्या त्या शोधापूर्वीची त्यांची अनेक वर्षे ध्वनीच्या अभ्यासात गेली होती. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये त्यांनी व्हायोलिन, वीणा, तंबोरा या वाद्यांवर प्रयोग केले. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मृदंग व तबल्यावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. साधे ताणलेले वर्तुळाकार कातडे सुरेल का वाजत नाही आणि भारतीय तालवाद्य सुरेल का वाजते, हा त्यातील प्रश्न होता.

साध्या कातड्याच्या स्पंदनांचे प्रमाण १ : १.५९ : २.१४ : २.३० असे वेडेवाकडे असते. तबल्यावरील शाईचे वजन आणि तिचे थर ही स्पंदने ओढून १ : २ : ३ : ४ : ५ या सुरेल मालिकेच्या जवळ आणतात. रामन यांनी पुढे, १९३४ च्या सुमारास, कातड्यावर बारीक वाळू पसरून दाखवून दिले की पहिले नऊ स्पंदनप्रकार मिळून पाचच स्वर उभे करतात. पिढ्यान्‌पिढ्या शाई घोटणाऱ्या कारागिरांनी गणिताविना साधलेली ही किमया होती.

कोणत्याही बंदिस्त वस्तूला तिची स्वतःची स्पंदने असतात, हा या अभ्यासामागचा नियम. चार भिंती, छत आणि फरशी यांनी बंदिस्त झालेली हवा त्याला अपवाद नाही. घरातील बैठकीची खोली हेही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एक वाद्यच आहे. फरक इतकाच की त्यावर कोणी शाई लावलेली नाही. घरासाठी स्टिरिओ निवडणारा रसिक ॲम्प्लिफायर कोणता, सबवूफर एक की दोन, ‘रूम करेक्शन’ असलेले यंत्र घ्यावे की नाही, अशा प्रश्नांत गुंततो, तेव्हा तो नकळत शंभर वर्षांच्या एका इतिहासाच्या टोकाशी उभा असतो. त्या इतिहासात दोन प्रश्न समांतर चालत आले. विद्युत्‌ संकेत निर्दोषपणे मोठा कसा करावा, हा पहिला. तो जवळजवळ सुटला. खोलीचा दोष कसा दूर करावा, हा दुसरा. तो अर्धाच सुटला आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामागे निसर्गनियम आहे.

▪️ उशा, ऑर्गनची नळी आणि घड्याळ

खोलीचा प्रश्न वयाने मोठा. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही आणि तेवढ्यात पुढचे अनेक शब्द त्यावर येऊन आदळत. हा दोष दूर करण्याचे काम भौतिकशास्त्र विभागातील वॉलेस क्लेमेंट सबाइन या तरुण अध्यापकाकडे आले.

सबाइन यांच्याकडे ना मायक्रोफोन होता ना ॲम्प्लिफायर. ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारे यंत्र आणि स्वतःचे कान, एवढीच साधने. शहर शांत झाल्यावर, रात्री, ते शेजारच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या वाहून आणत, एकेक वाढवत, आणि नळीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजत. त्यातून निघालेले सूत्र आजही पहिल्या वर्गात शिकवले जाते. निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये आणि शोषण चौरस मीटरमध्ये. याच सूत्राच्या आधारे रचलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडले, आणि जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना आजही होते.

सबाइन यांच्या सूत्रामागे एक गृहीतक आहे : खोलीत ध्वनी इतक्या असंख्य दिशांनी परावर्तित होतो की सरासरी काढणे पुरेसे ठरते. सिंफनी हॉलसारख्या प्रचंड दालनात ते खरे आहे. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत, खर्जाच्या सुरांसाठी, ते कोसळते. तिथपर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे लागते.

▪️ नावेत सुचलेले सूत्र

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा त्यांच्या आवाजाची शक्ती कर्ण्यातून थेट सुईपर्यंत पोहोचत होती. मध्ये वीज नव्हती. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांची ऑडिऑन नळी आली आणि क्षीण विद्युत्‌ संकेत मोठा करणे शक्य झाले. १९२५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी ध्वनिमुद्रिका विजेच्या साहाय्याने मुद्रित होऊ लागल्या आणि जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक स्पीकर त्याच कुळातले.

ॲम्प्लिफायर मात्र सदोष होता. निर्वात नळी संकेत मोठा करताना त्यात स्वतःचे सूर मिसळत असे. टेलिफोनच्या दूरच्या मार्गावर असे अनेक ॲम्प्लिफायर एकामागोमाग जोडलेले असत आणि प्रत्येकाचा दोष पुढच्याच्या दोषात भर घालत जाई. बेल प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ब्लॅक हे अभियंता या विरूपणाशी कित्येक वर्षे झुंजत होते. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत, त्यांना उत्तर सुचले. हाताशी असलेल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यांनी आकृती आणि समीकरणे लिहिली.

कल्पना अशी : गरजेपेक्षा कितीतरी अधिक वर्धन करणारा ॲम्प्लिफायर घ्यावा, बाहेर पडणाऱ्या संकेताचा ठरावीक अंश उलटा करून पुन्हा प्रवेशद्वाराशी आणावा आणि मूळ संकेतातून वजा करावा. उरतो तो नेमका दोष, आणि ॲम्प्लिफायर स्वतःच तो खोडून काढतो. वर्धन घटते, पण विरूपणही त्याच प्रमाणात घटते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला झालेल्या चाचणीत विरूपण एक लक्ष पटींनी कमी झाल्याचे आढळले. कष्टाने मिळवलेले वर्धन जाणूनबुजून वाया घालवायचे, ही गोष्ट त्या काळी इतकी विचित्र वाटली की अमेरिकी पेटंट मिळायला १९३७ चा डिसेंबर उजाडला. अशी यंत्रणा केव्हा स्थिर राहते आणि केव्हा स्वतःच किंचाळू लागते, याचा निकष हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला.

घरगुती संगीतापर्यंत हे ज्ञान युद्धानंतर पोहोचले. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी दिलेल्या आराखड्यात १५ वॅट शक्तीला विरूपण ०.१ टक्क्याहून कमी होते. नंतर ट्रान्झिस्टर आले. त्यानंतर संकेताचे वेगवान स्पंदांत रूपांतर करणारे ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर आले. त्यांची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून सबवूफरच्या पेटीतच शेकडो वॅटचा ॲम्प्लिफायर फारसा न तापता बसू शकतो.

परिणामी आज मध्यम किमतीचा, नीट बांधलेला ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेत वाजत असेल, तर त्याचा दोष कानाला ओळखू येण्याच्या खाली असतो. निवडीचा खरा मुद्दा शक्ती हा राहतो, आणि त्याचे गणित सोपे आहे. एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारे दोन स्पीकर तीन मीटर अंतरावरून, खोलीची मदत न धरता, साधारण ८० डेसिबल देतात. संगीतातील क्षणिक शिखरे १०० डेसिबलपर्यंत स्वच्छ हवी असतील, तर प्रत्येक स्पीकरला सुमारे १०० वॅट पुरतात. आवाजात दर ३ डेसिबलची वाढ म्हणजे शक्ती दुप्पट, आणि १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट. १०० ऐवजी १२० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतल्याने एका डेसिबलपेक्षाही कमी फरक पडतो. हे गणित पुढे पुन्हा लागणार आहे.

▪️ अमर बोस यांची निराशा

दोन समांतर प्रश्न एकमेकांना भेटले ते एका भारतीय वंशाच्या अभियंत्याच्या घरी. बंगालमधून परागंदा झालेले स्वातंत्र्यसैनिक नोनी गोपाल बोस यांचे पुत्र अमर बोस एमआयटीमध्ये डॉक्टरेटचे काम पूर्ण करत असताना, १९५६ मध्ये, त्यांनी उत्तम तांत्रिक आकडे पाहून एक संगीतसंच विकत घेतला. घरी तो वाजवल्यावर त्यांची निराशा झाली. आकडे निर्दोष आणि कानाला पटत नाही, या विसंगतीने त्यांच्या पुढील संशोधनाला दिशा दिली.

संगीतगृहात श्रोत्यापर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीचा फार मोठा भाग परावर्तित असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९६४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली आणि १९६८ मध्ये ९०१ हा स्पीकर आणला. त्यातील नऊपैकी आठ घटक मागच्या भिंतीकडे तोंड करून होते आणि सोबत संकेताचा तोल सुधारणारा इलेक्ट्रॉनिक इक्वलायझर दिलेला होता. ९०१ चा आवाज पटणारे आणि न पटणारे, दोन्ही पक्ष तेव्हापासून आहेत. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की भिंत ही स्पीकरच्या रचनेचाच भाग आहे, ही गोष्ट बाजारातल्या एका वस्तूने उघडपणे मान्य केली.

▪️ अकरा आणि दीड हजार

लहान खोलीत सबाइन यांचे सूत्र नेमके कुठे कोसळते, याचे उत्तर मानफ्रेड श्रोडर यांच्या १९५४ च्या कामातून मिळाले. स्पंदने एकमेकांत इतकी दाटीने मिसळतात की ती वेगळी ओळखू येत नाहीत, अशी एक सीमा असते. पुढे रूढ झालेल्या सूत्रानुसार ती वारंवारता म्हणजे २००० गुणिले, निनादकाल भागिले घनफळ याचे वर्गमूळ.

साडेचार मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली घ्यावी. घनफळ ४८.६ घनमीटर. निनादकाल अर्धा सेकंद धरला तर श्रोडर सीमा सुमारे २०० हर्ट्झ येते. त्याच्या वर खोली गर्दीसारखी वागते. खाली प्रत्येक स्पंदन सुटे आणि हट्टी असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरल्यास लांबीचे पहिले स्पंदन ३८ हर्ट्झला, रुंदीचे ४८ ला आणि उंचीचे ५७ ला पडते. १०० हर्ट्झच्या खाली या खोलीत एकूण अकराच स्पंदने आहेत. १००० ते ११०० हर्ट्झच्या दरम्यान, तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात, ती दीड हजाराहून अधिक आहेत. मधल्या सुरांची सरासरी आपोआप निघते. खर्जाची निघत नाही.

म्हणूनच बास गिटारचा एक सूर घुमत राहतो आणि शेजारचा नाहीसा होतो. श्रोता लांबीच्या बरोबर मध्यावर बसला तर ३८ हर्ट्झचा दाब तिथे जवळजवळ शून्य असतो. मागच्या भिंतीला टेकून बसला तर तोच सूर अंगावर येतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटर पुढे ठेवला, तर भिंतीवरून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला उलटी भेटते आणि तिथे खड्डा पडतो. भारतीय शहरांतील घरांत ही अडचण तीव्र होते. विटा, काँक्रीट आणि फरशी खर्जाला फारसे बाहेर जाऊ देत नाहीत. अमेरिकेतील लाकडी सांगाड्यावरच्या हलक्या भिंती थोडा खर्ज शोषतात व थोडा सोडून देतात.

▪️ दुरुस्तीची सीमा

ब्लॅक यांची युक्ती इथे का वापरू नये? मायक्रोफोनने खोलीतील दोष टिपावा, तो उलटा करून संकेतात मिसळावा आणि खोली निर्दोष करावी, ही कल्पना स्वाभाविक आहे. ॲम्प्लिफायरमध्ये ती चालली, कारण तिथे दोष एकाच ठिकाणी, तारेच्या दोन टोकांच्या मध्ये असतो आणि त्याची वार्ता जवळजवळ तत्क्षणी परत येते. खोलीत ध्वनीला तीन मीटर कापायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक आसनावरचा दोष वेगळा असतो. एका खुर्चीसाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या खुर्चीवर नवा दोष ठरू शकते.

मग आधीच मोजून ठेवलेल्या प्रतिसादाचा गणिती व्यस्त काढावा, हा दुसरा मार्ग. १९७९ मध्ये स्टीफन नीली आणि जाँट ॲलन यांनी त्याचीही मर्यादा दाखवली. खोलीच्या भिंती पुरेशा परावर्तक झाल्या की तिच्या प्रतिसादाचा, स्थिर राहील आणि भविष्य आधी जाणण्याची अट घालणार नाही असा, अचूक व्यस्त अस्तित्वातच राहत नाही. संगणकाचा वेग वाढवून ही अडचण सुटत नाही.

तरीही काही भाग सुधारता येतो, आणि कोणता, हे ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे. एखाद्या सुट्या स्पंदनामुळे उंचावलेले शिखर इक्वलायझरने नेमके कापले, तर त्या सुराचा जोर उतरतो आणि त्याचे रेंगाळणेही कमी होते. खड्ड्याचे तसे नाही. खड्डा दोन लाटा परस्परांना मारत असल्यामुळे पडतो. संकेत वाढवला तर दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि परस्परांना तशाच मारत राहतात. दरम्यान १२ डेसिबलच्या वाढीसाठी ॲम्प्लिफायरकडून सोळापट शक्ती मागितली जाते. जिथे ५० वॅट लागत होते तिथे ८०० लागतात. स्पीकरचा पडदा मर्यादेबाहेर ताणला जातो आणि आसनावर खड्डा जिथल्या तिथे राहतो.

खड्डा भरण्याची वाट निराळीकडून आली. १९८८ मध्ये मासातो मियोशी आणि युताका कानेदा यांनी दाखवले की एका स्पीकरने अशक्य असलेला अचूक व्यस्त, एकाहून अधिक स्पीकर वापरल्यास तत्त्वतः शक्य होतो. व्यवहारात त्याचे साधे रूप हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी या शतकाच्या प्रारंभी तपासले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला आणि दोघांना सारखाच संकेत दिला, तर लांबीचे पहिले स्पंदन एका भिंतीवर ढकलले जाते तेव्हाच दुसऱ्या भिंतीवरून ओढले जाते आणि ते उठतच नाही. रुंदीचे पहिले स्पंदनही उठत नाही, कारण भिंतीचा मध्य हा त्याचा शून्यबिंदू आहे. इथे इलेक्ट्रॉनिक्स नाही, केवळ जागेची निवड आहे. तबलावादक ‘ना’ वाजवताना अनामिका पुडीवर अलगद टेकवून मूळ स्पंदन दाबतो आणि बोटाचा आघात किनारीवर करतो. कुठे आघात करावा आणि काय दाबावे, हे ज्ञान तिथे हातात असते, इथे सबवूफरच्या जागेत.

स्वयंचलित दुरुस्तीची यंत्रे याच दशकांत घरात आली. स्वीडनमधील उपसाला येथे २००१ मध्ये डिराक आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून २००२ मध्ये ऑडिसी या कंपन्या निघाल्या. अँजेलो फरीना यांनी २००० मध्ये मांडलेल्या चढत्या सुराच्या पद्धतीने खोलीचा प्रतिसाद आणि यंत्राचे विरूपण एकाच मोजणीत वेगळे करता येऊ लागले. सबाइन यांना ज्या मोजणीसाठी रात्रीमागून रात्री जागाव्या लागल्या, ती आज विनामूल्य मिळणारे रूम इक्यू विझार्ड आणि एक प्रमाणित मायक्रोफोन यांच्या साहाय्याने काही मिनिटांत होते.

▪️ इतिहासाने सुचवलेला क्रम

या सगळ्यातून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. आधी बसण्याची जागा, ती लांबीच्या मध्यावर नको आणि भिंतीला चिकटूनही नको. मग सबवूफरची जागा, आणि अंदाजपत्रकात बसत असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान. खर्ज ८० हर्ट्झच्या आसपास वेगळा काढून सबवूफरकडे द्यावा, म्हणजे मुख्य स्पीकर आणि त्यांचा ॲम्प्लिफायर यांच्यावरचा भार हलका होतो; इतक्या खालच्या सुरांची दिशा कानाला सहसा उमगत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवण्याचे स्वातंत्र्य मिळते. त्यानंतर अनेक आसनांवर मोजणी, आणि २०० हर्ट्झच्या खालची शिखरे कापणे. खड्डे भरण्याचा मोह टाळावा. जाड गालिचा, भरलेली पुस्तकांची कपाटे, पडदे हे वरच्या सुरांचे काम करतात आणि ते सबाइन यांच्या गाद्यांइतकेच प्रामाणिक आहेत. ॲम्प्लिफायरची निवड या साऱ्याच्या शेवटी येते. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो, कारण आसन दीड फूट पुढे सरकवण्याची किंमत कोणी आकारू शकत नाही.

विद्यार्थ्यांना याची परीक्षा घेणे अवघड नाही. खोलीची लांबी मीटरमध्ये मोजावी, १७२ ला त्या संख्येने भागावे, आणि येईल त्या वारंवारतेचा शुद्ध सूर कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरवर मंद आवाजात लावावा. मग एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जावे. मध्यावर सूर विरतो आणि पलीकडे पुन्हा उठतो. रामन यांच्या वाळूला कातड्यावर जी रेषा सापडली होती, ती इथे खोलीच्या हवेत कानांना सापडते.

#विज्ञानाचा_इतिहास #ध्वनिशास्त्र #राष्ट्रीय_विज्ञान_दिन